संख्येचे गुण आणि माणसाचे गुण

‘गुण’ हा शब्द आमच्या भाषेंत तीन निरनिराळ्या अर्थांनीं वावरत असतो. औषधाला गुण असतो, सज्जनाच्या अंगीं गुण असतात, आणि विद्यार्थ्याला परीक्षेंत गुण मिळतात. पहिला अर्थ वस्तुधर्माचा, दुसरा सद्‌गुणाचा आणि तिसरा केवळ मोजणीचा. एकाच शब्दाच्या छत्राखालीं हे तिघे इतका काळ नांदत आले आहेत कीं, त्यांतील कोण केव्हां दुसऱ्याच्या आसनावर जाऊन बसतो हें आमच्या ध्यानांतही येत नाहीं. ‘मुलगा मोठा गुणी आहे’ असें सांगणारा पिता पुष्कळदां ‘मुलाला गुण पुष्कळ मिळाले आहेत’ एवढेंच सांगत असतो, आणि ऐकणाराही तें तसेंच समजून घेतो. हा केवळ शब्दाचा घोटाळा असता तर त्याकरितां मासिकाचीं पानें खर्चीं घालण्याचें कारण नव्हतें. परंतु शब्दांतला घोटाळा विचारांत शिरतो, विचारांतला आचारांत उतरतो, आणि शेवटीं त्याचा भार कोणा तरी जिवंत माणसाच्या पाठीवर पडतो. म्हणून कोणत्याही वस्तूच्या बाबतींत असा प्रश्न विचारण्याची संवय असावी कीं, हिचे म्हणून जे गुण आपण सांगतों त्यांपैकीं हिचे स्वतःचे किती, आणि हिला लिहिण्याच्या, मोजण्याच्या व नांव देण्याच्या आपल्या रीतीचे किती?

माणसाच्या बाबतींत हा प्रश्न सोडवूं गेलें तर आपले रागलोभ आडवे येतात. यास्तव आम्ही प्रथम एक असा विषय घेतों कीं, ज्याला जात नाहीं, कुळ नाहीं, वशिला नाहीं आणि अहंकारही नाहीं. तो विषय म्हणजे एक मोठी पूर्ण संख्या.

एकाचा अंक ओळीनें नऊ वेळां लिहावा, आणि जी संख्या होईल तिला तिनेंच गुणावें. शाळेंतील कोणत्याही मुलाला पाटीवर करतां येण्याजोगा हा गुणाकार आहे. उत्तर येतें तें असें: १२३४५६७८९८७६५४३२१. यांत अंक सतरा आहेत. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकापासून परार्धापर्यंत जीं अठरा स्थानें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं सतरावें जें ‘मध्य’, त्या स्थानीं या संख्येचा पहिला अंक बसतो. म्हणजे ती परार्धाच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली आहे. व्यवहाराच्या भाषेंत सांगावयाचें तर ती सव्वा अब्ज कोटींहून थोडी कमी भरेल. दर सेकंदास एक या वेगानें अहोरात्र मोजीत बसलें तर ती पुरी होण्यास सुमारें ३९ कोटि वर्षें लागतील.

आतां हिचे गुण पाहूं. डावीकडून वाचा कीं उजवीकडून वाचा, ती तीच. ती पूर्ण वर्ग आहे, हें तर तिच्या जन्मावरूनच उघड आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ होते, आणि त्या ८१ नेंच तिला निःशेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकारही पूर्ण वर्गच, १२३४५६७९ या संख्येचा. या वर्गमुळांत आठाचा अंक तेवढा गैरहजर आहे, हें चाणाक्ष वाचकांनीं पाहिलेंच असेल. तिला मूळ अवयवांत फोडलें तर ३, ३७ आणि ३३३६६७ अशा तीनच मूळ संख्या निघतात: पहिली चार वेळां, दुसरी दोन वेळां आणि तिसरीही दोन वेळां. इतके गुण एका ठिकाणीं पाहून मन प्रसन्न होतें. परंतु ही प्रसन्नता संख्येनें दिली, कीं आपल्या लेखणीनें?

या जातीच्या संख्यांवर ज्यानें जन्मभर प्रेम केलें तो पुरुष आमच्याच महाराष्ट्रांतला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत ते शिकले; १९२७ सालीं स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नांवाचें पारितोषिक त्यांना मिळालें; १९२९ सालीं ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले; आणि १९३० पासून १९६२ पर्यंत बत्तीस वर्षें नाशिकजवळच्या देवळाली गांवीं त्यांनीं शाळेंत मुलांना शिकविलें. पुढची पदवी त्यांनीं घेतली नाहीं. पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता चाकणवरून जातो. त्यांचें कॉलेज त्या रस्त्याच्या एका टोकाशीं आणि शाळा दुसऱ्या टोकाजवळ, असा त्यांच्या आयुष्याचा नकाशा काढतां येईल. मधल्या चाकणचें काम आम्हांस पुढें पडणार आहे, म्हणून येथें तेवढी खूण करून ठेवतों.

वर दिलेल्या संख्येच्या कुळाला कापरेकरांनीं ‘डेम्लो’ असें नांव दिलें. हा शब्द संस्कृत नव्हे आणि ग्रीकही नव्हे. तो आगगाडीच्या एका स्थानकाच्या नांवावरून आला आहे, आणि तें स्थानक म्हणजे आजचें डोंबिवली. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेनें निःशेष भाग जातो तिला त्यांनीं ‘हर्षद’ म्हटलें, म्हणजे हर्ष देणारी. आमची संख्या डेम्लो आहे आणि हर्षदही आहे. चारही अंक सारखे नाहींत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडावे, मोठींतून लहान वजा करावी, आणि बाकीवर पुनः तीच क्रिया करीत जावें; फार तर सात वेळां वजाबाकी केल्यावर ६१७४ हीच संख्या हातीं येते. हा त्यांचा शोध आतां जगभर त्यांच्याच नांवानें ओळखला जातो.

परंतु त्यांच्या हयातींत कित्येक गणितज्ञांनीं या उद्योगाकडे उपेक्षेनें पाहिलें. त्या उपेक्षेच्या मागें एक विचार होता, आणि त्याला त्याचा न्याय दिला पाहिजे. केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांनीं १९४० सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘ए मॅथेमॅटिशियन्स अपॉलजी’ या पुस्तकांत ८७१२ आणि ९८०१ या दोन संख्यांचें उदाहरण घेतलें आहे. पहिली २१७८ ची चौपट, दुसरी १०८९ ची नऊपट. म्हणजे दोन्ही आपापल्या उलट्या रूपाच्या पटींत आहेत, आणि चार अंकी संख्यांत अशा याच दोन. हार्डी यांचें म्हणणें असें कीं, असलीं सत्यें कोड्यांच्या सदराला शोभतील, परंतु गणितज्ञाच्या मनाला ओढून घेईल असें त्यांत कांहीं नाहीं.

हाच आक्षेप आमच्या संख्येवर लावून पाहूं. आपण दहादहाच्या पटीनें लिहितों, कारण आपल्या दोन हातांना मिळून दहा बोटें आहेत. बोटें बारा असतीं आणि आपण बाराच्या पटीनें लिहीत असतों तर हीच संख्या पंधरा अंकांची झाली असती. तिचा पहिला अंक ९ आणि शेवटचाही ९, म्हणून क्षणभर आशा वाटते. परंतु दुसरा अंक ७ आणि शेवटून दुसरा ६ निघतो, व ती आशा मावळते. संगणक शून्य आणि एक या दोनच अंकांनीं लिहितो. त्याच्या लिपींत ती चोपन्न अंकांची होते. आरंभ १०१० असा आणि शेवट ०००१ असा. तेथेंही उलटसुलट सारखें वाचणें संपलें. जो गुण लिपीबरोबर येतो आणि लिपीबरोबर जातो, तो त्या संख्येचा कसा म्हणावयाचा?

याउलट कांहीं गुण असे आहेत कीं, लिपी बदलली म्हणून ते ढळत नाहींत. बारानें लिहा, दोनानें लिहा, दगड रचून मांडा. ही संख्या विषमच राहणार, पूर्ण वर्गच राहणार, आणि तिचे मूळ अवयव तेच राहणार. या प्रकारच्या गुणांस आम्ही स्वगुण म्हणतों, व पहिल्या प्रकारास लेखनगुण म्हणतों. कित्येकदां एकाच विधानांत दोन्ही गुंतलेले असतात. या संख्येला ८१ नें भाग जातो हा तिचा स्वगुण. परंतु ते ८१ म्हणजेच तिच्या अंकांची बेरीज, हा लेखनगुण. रामानुजन यांची भाड्याच्या मोटारीची गोष्ट सर्वश्रुत आहे. ते आजारी असतां हार्डी ज्या मोटारींतून त्यांना भेटावयास गेले तिचा क्रमांक १७२९ होता. आणि दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारांनीं मांडतां येणारी ही सर्वांत लहान संख्या, असें रामानुजन यांनीं तत्काळ सांगितलें. एकाचा घन आणि बाराचा घन, किंवा नवाचा घन आणि दहाचा घन. हा १७२९ चा स्वगुण झाला. आतां तिचेच अंक मिळवून पाहा: बेरीज १९, आणि १९ ला त्याच्याच उलट्या रूपानें, म्हणजे ९१ नें, गुणलें कीं पुनः १७२९. हा तिचा लेखनगुण. त्याच मोटारींतून कापरेकर उतरले असते तर त्यांनीं तिला हर्षद म्हणून नमस्कार केला असता.

आमच्या दर्शनकारांना हा वाद अगदींच अपरिचित नव्हता. वैशेषिकांनीं जे चोवीस गुण मोजले त्यांत संख्या हाच एक गुण आहे. आणि गुणाच्या ठिकाणीं दुसरा गुण राहत नाहीं हा त्यांचा दंडक. त्यांच्यापुढें ‘संख्येचे गुण’ हा शब्दप्रयोग केला असता तर त्यांनीं पहिल्या वाक्यालाच आम्हांस अडविलें असतें. शिवाय त्यांच्या मतें द्वित्वापासून पुढच्या सर्व संख्या पाहणाऱ्याच्या अपेक्षाबुद्धीनें उत्पन्न होतात. दोन आंबे एकत्र पाहणारी बुद्धि नसेल तर तेथें एक आंबा आणि एक आंबा आहे, दोन नाहींत. आम्ही इतके दूर जात नाहीं. परंतु मोजलेल्या वस्तूंत मोजणाऱ्याचा कांहीं वांटा असतो, ही त्यांची सूचना आम्हांस मोलाची वाटते.

मग लेखनगुण हे खोटे ठरले काय? येथें आक्षेपकांची घाई होते असें आम्हांस वाटतें. नऊ एकांचा तो गुणाकार उभ्या मांडणीनें करून पाहावा. रांगांची बेरीज एक, दोन, तीन अशी नवापर्यंत चढते आणि तशीच एकावर उतरते. कोठेंही हातचा येत नाहीं, म्हणून तो सुंदर डोंगर अखंड उभा राहतो. तेंच दहा एक घेऊन करावें. मधल्या रांगेची बेरीज दहा होते, हातचा एक डावीकडे सरकतो, आणि उत्तर येतें १२३४५६७९००९८७६५४३२१. डोंगराचें शिखर ढांसळलें. आतां आठाच्या पटीनें लिहिणाऱ्या लोकांची कल्पना करा. ते सात एक घेतील आणि त्यांना १२३४५६७६५४३२१ असें दिसेल. तिनाच्या पटीनें लिहिणाऱ्यांना दोन एक पुरतील. त्यांचा डोंगर १२१ एवढाच. अंक त्यांच्या लिपीचे, संख्या निराळ्या. परंतु नियम एकच: पद्धति ज्या संख्येवर उभारली असेल तिच्याहून एकानें कमी इतके एक घ्यावे, म्हणजे हातच्यावांचून शिखर गांठतां येतें. बोटें दहा असणें हा अपघात असेल. हा नियम अपघात नव्हे. अपघातानें मिळालेल्या हातांनींसुद्धां खरी गोष्ट पकडतां येते, एवढेंच त्यांतून सिद्ध होतें. तात्पर्य, लेखनगुण खोटा नसतो. तो कोणाचा आहे हें विसरलें म्हणजे मात्र खोटेपणा सुरू होतो.

हें विसरणें कसें घडतें तें पाहण्यास चाकणसारखें ठिकाण नाहीं. एके काळीं संग्रामदुर्गामुळें आणि पुढें कांद्याच्या बाजारामुळें ज्या गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें, त्याच्या आसमंतांत गेल्या कांहीं दशकांत कारखान्यांची दाटी झाली. बजाजच्या दुचाकी तेथें बनतात; २००९ सालीं फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच सुमारास महिंद्रचाही. तेथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या सांगाड्यावर एक क्रमांक कोरलेला असतो, अक्षरें आणि अंक मिळून सतरा स्थानांचा. आमच्या संख्येचेही अंक सतराच, हा निव्वळ योगायोग. त्या क्रमांकांत आय, ओ आणि क्यू हीं तीन इंग्रजी अक्षरें वापरीत नाहींत. कारण तीं एकाच्या व शून्याच्या अंकासारखीं दिसतात आणि एका गाडीची ओळख दुसरीला चिकटण्याचें भय असतें. यावरून क्रमांकाचा धर्म काय तें कळतें. तो पूर्ण वर्ग आहे कीं नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं. दुसऱ्या कोणाचा नसणें, एवढाच त्याचा धर्म.

त्याच चाकणच्या बाजारांत कांद्याचें वजन होतें. तेथेंही अंक लिहिले जातात, परंतु त्यांचा धर्म निराळा. तो अंक माप आहे. त्यांत शेवटच्या चार दाण्यांचा फरक पडला तर शेतकरीही बोलत नाहीं आणि अडत्याही बोलत नाहीं. संख्येचीं हीं दोन नातीं, नांव आणि माप. आणि तिसरें नातें गणितज्ञाचें, ज्याला संख्या ही स्वतःच एक व्यक्ति आहे. हा भेद एका साध्या प्रयोगानें दिसतो. कचेऱ्यांतून हिशेबाकरितां संगणकावर जे रकान्यांचे तक्ते वापरतात, त्यांपैकीं अगदीं प्रचारांतल्या तक्त्यांत आमची संख्या भरावी. तेथें पंधराच अंक टिकतात, आणि पडद्यावर १२३४५६७८९८७६५४३०० असें उमटतें. शेवटचे एकवीस गेले. माप म्हणून पाहिलें तर हा तोटा नगण्य आहे. नांव म्हणून पाहिलें तर ही दुसऱ्याचीच गाडी झाली. आणि व्यक्ति म्हणून पाहिलें तर सर्वनाश: ती आतां पूर्ण वर्ग नाहीं, उलटसुलट सारखी नाहीं, आणि ८१ नें तर नाहींच, साध्या नवानेंसुद्धां तिला भाग जात नाहीं.

नांव, माप आणि व्यक्ति यांची अदलाबदल करण्याची हौस मात्र लोकांना फार. मोटार घेतांना पसंतीचा क्रमांक मिळावा म्हणून जास्तीचे पैसे भरणारे गृहस्थ आपण पाहतों. त्यांना क्रमांकाच्या ठिकाणीं शुभाशुभ दिसतें. त्यांच्याकरितां चाकणचेंच एक उदाहरण देतों. इ. स. १६६० मध्यें शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढें फिरंगोजी नरसाळा यांनीं हा लहानसा भुईकोट किल्ला दीड महिन्याहून अधिक काळ झुंजविला. १६६० वर कापरेकरांची क्रिया करावी: ६४४४, १९९८, ८०८२, ८५३२, आणि पांचव्या खेपेस ६१७४. आतां तेंच वर्ष शालिवाहन शकानें लिहावें, म्हणजे १५८२: ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि सहाव्या खेपेस पुनः ६१७४. एकाच घटनेचीं दोन नांवें आणि दोन्ही एकाच मुक्कामाला आलीं! भाविक मन येथें गहिंवरून येईल. परंतु ६१७४ हें असें ठिकाण आहे कीं, तेथें सगळ्याच वाटा जातात; पराभवाचें सालही तेथेंच पोंचतें आणि बाजारभावही तेथेंच पोंचतो. नियम खरा आहे, सुंदर आहे, आणि तो चार अंकी लेखनाचा आहे. फिरंगोजींचें धैर्य १६६० चाही गुण नव्हे आणि १५८२ चाही नव्हे. तें त्यांचें होतें.

आतां माणसाकडे वळूं. आमच्या शालान्त परीक्षेंत शंभरांपैकीं ३५ गुणांना उत्तीर्ण म्हणतात. ३४ आणि ३५ यांच्यामध्यें निसर्गानें कोणतीही भिंत घातलेली नाहीं. ती आम्ही घातली. घातली याबद्दल आमची तक्रार नाहीं. कोठें तरी रेघ ओढल्यावांचून परीक्षा घेतां येत नाहीं, आणि दहाच्या पटीनें लिहिल्यावांचून हिशेब करतां येत नाहीं. ज्या मुलाला गणितांत ९० गुण पडले त्यानें खरोखरच तेवढीं उत्तरें बरोबर लिहिलेलीं असतात. तें सत्य आहे, आणि ‘गुणांत काय आहे?’ असें म्हणून त्याच्या श्रमावर पाणी ओतणें हा अन्यायच. हार्डी यांनीं हर्षद संख्येशीं जें केलें असतें तेंच तें होईल. परंतु त्या ९० वरून मुलगा स्वभावानें थोर, आणि ३४ वरून शेजारचा मुलगा स्वभावानें नादान, असें जें आम्ही मनांतल्या मनांत लिहून टाकतों, तो अपराध आहे. लिपीचा गुण आम्ही माणसाच्या नांवें मांडला.

यावर उपाय तोच, जो आम्हीं संख्येवर केला: लिपी बदलून पाहावी. ज्या मुलाला दहाच्या पद्धतींत लिहिल्यावर कांहींच शोभा नाहीं, त्याला दुसऱ्या पद्धतींत लिहून पाहावें. चाकणच्या एखाद्या कारखान्यांत असा तरुण भेटेल कीं, निकालपत्रांत ज्याची जागा शेवटून जवळ होती, परंतु चालत्या यंत्राच्या आवाजांत झालेला बारीकसा बदल ज्याच्या कानाला सर्वांच्या आधीं कळतो. तो निकालपत्रांत नव्हता काय? होता, पण ती लिपी त्याच्या डोंगराची नव्हती. उलट, एका पद्धतींत शिखर गांठणारा मुलगा दुसरीकडे गेल्यावर सामान्य दिसूं लागला तर त्यांतही नवल नाहीं आणि त्याची नाचक्की तर नाहींच. परीक्षा बदलली, भाषा बदलली, धंदा बदलला, गांव बदललें, दैव फिरलें, तरी जें त्याच्यापाशीं तसेंच राहतें, तें त्याचें. सचोटी घ्या, चिकाटी घ्या, दुसऱ्याचें दुःख ओळखण्याची शक्ति घ्या; या गोष्टी मूळ अवयवांसारख्या आहेत. त्या सहज दिसत नाहींत, फोडून पाहाव्या लागतात, आणि मोठी संख्या फोडणें हें गणितांतही कष्टाचेंच काम आहे. वरवरची शोभा एका दृष्टिक्षेपांत कळते; अवयव शोधण्यास वेळ द्यावा लागतो. एकाच छपराखालीं राहणाऱ्या माणसांनाही तो वेळ पुष्कळदां दिला जात नाहीं.

कारखान्याच्या दारावर कामगाराला जो क्रमांक मिळतो त्याविषयींही हेंच म्हणतां येईल. हजारों माणसांचें वेतन चुकीविना पोंचवावयाचें तर क्रमांक पाहिजे. त्यांत अपमान नाहीं. मात्र नांवाचें काम करणाऱ्या अंकाला हळूहळू मापाचें काम दिलें जातें, आणि मापाला व्यक्तीचें. मग पंधरा अंकांपुढचें जें कांहीं असेल तें शून्य धरण्याची खोड त्या तक्त्याप्रमाणें आमच्याही दृष्टीला लागते. शेवटचे एकवीस गेले तरी वेतनाच्या वहींत कांहीं बिघडत नाहीं. त्या माणसाच्या घरीं विचारावें, म्हणजे कळेल कीं त्याचें सारें माणूसपण त्या एकवीसांतच होतें.

शेवटीं कापरेकरांचाच प्रश्न राहतो. कोणी विचारील: हें सर्व खरें, परंतु ज्या संख्यांचा उपयोग नाहीं त्यांच्यामागें एका बुद्धिमान् पुरुषानें आयुष्य घालविलें, हें योग्य झालें काय? कित्येक जण याला चटकन् उत्तर देतात कीं, १९७५ सालीं अमेरिकेंतील मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मध्यें त्यांच्याविषयीं लिहिलें, जगाला त्यांची ओळख झाली, आणि आयुष्य सार्थकीं लागलें. हें उत्तर आम्हांस मान्य नाहीं. १९४९ सालीं मद्रासच्या गणित परिषदेंत कापरेकरांनीं ६१७४ ची गोष्ट मांडली तेव्हां ती जितकी खरी होती, तितकीच १९७५ सालीं होती. कीर्ति हा लेखनगुण आहे. कोणत्या देशांत, कोणत्या भाषेंत, कोणाच्या हातीं तुमचें नांव लिहिलें गेलें यावर ती अवलंबून. उपयोग हाही पुष्कळसा तसाच. एका काळांत निरुपयोगी ठरलेलें दुसऱ्या काळांत कामाला येतें आणि कामाचें अडगळींत पडतें. गार्डनर यांचा लेख आला नसता तर ते बत्तीस वर्षांचे दिवस वांया गेले असें म्हणावें लागलें असतें काय? तसें ज्याला म्हणावयाचें असेल त्यानें आपल्या आयुष्याचा हिशेबही त्याच तक्त्यांत मांडून पाहावा.

त्यांचे स्वगुण आम्हांस असे दिसतात: कोणी पाहत नसतां पाहणें, कोणी विचारीत नसतां मोजणें, आणि जें आढळलें त्याला आपल्या मगदुराप्रमाणें नांव देऊन दुसऱ्यांपुढें ठेवणें. पदवीची लिपी बदला, मान्यतेची बदला, देवळालीच्या ऐवजीं दुसरें गांव घाला. हे गुण ढळत नाहींत. त्यांचे शोध बहुतांशीं दहा बोटांच्या लिपीवर उभे होते, आणि ते लिपीबद्दलचे म्हणून पूर्ण खरे होते. त्यांची निष्ठा मात्र कोणत्याही लिपीवर उभी नव्हती. टीकाकारांनीं पहिली गोष्ट ओळखली. दुसरी त्यांच्या तक्त्याच्या पंधरा अंकांत बसली नाहीं.

परीक्षांचे निकाल दर वर्षीं लागतात आणि घरोघर निकालपत्रें येतात. तीं अवश्य वाचावींत. त्यांत असत्य नसतें. फक्त वाचून झाल्यावर ज्याचें तें पत्र आहे त्याच्याकडेही थोडा वेळ पाहावें, आणि आपल्याशींच एवढें विचारावें कीं, हे अंक दुसऱ्या रीतीनें लिहिले असते तर यांतलें काय उरलें असतें. जें उरलें असतें, त्याची चौकशी त्या दिवशीं जेवतांना करावी.